चढत्या क्रमाने लावलेले तास

माझ्या वडिलांना मी दादा म्हणायची. इंदापूर तालुक्यात, भीमेच्या फुगवट्याच्या काठाला आमचं गाव. गावात शेतकऱ्यांनी मिळून काढलेली एक उपसा सिंचन संस्था होती आणि दादा तिथे फिटर होते. नदीचं पाणी मोठ्या पंपाने उचलायचं, टेकाडावरच्या टाकीत टाकायचं आणि तिथून चारीने उसाला सोडायचं, एवढाच त्या संस्थेचा उद्योग. पंप चालू असेपर्यंत दादांची कुणाला आठवण यायची नाही. पंप बंद पडला की सगळ्या शिवाराचं तोंड पंपघराकडे वळायचं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी बारामतीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. आमच्या भावकीतली पहिली प्राध्यापक, असं गावात सांगायची पद्धत होती. तासिका तत्त्वावरची, हे सांगायची पद्धत नव्हती. माझं लग्न दीड वर्षात मोडलं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं, मीसुद्धा नाही. बारामतीत एक खोली घेऊन राहत होते. दर शनिवारी दुपारी इंदापूरची एसटी धरायची, काटेवाडीला बाजाराच्या पाट्या आणि दुधाचे रिकामे कॅन चढेपर्यंत बसून राहायचं, आणि पुढे उतरून घरापर्यंत चालायचं. त्या प्रवासाबद्दल काहीतरी हळवं लिहावं असं आता वाटतं, पण तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं. सुखही नाही आणि दुःखही नाही. मन बधिर झालं की माणूस फार कामसू होतो. मी भयंकर कामसू झाले होते.

त्या सुमाराला मोठा पंप वरचेवर बंद पडायला लागला. कधी बेअरिंग जायचं, कधी शाफ्टला हादरा बसायचा, कधी वाइंडिंग. दादांचं म्हणणं एकच, पंपाचं वय झालंय, बदला. संस्थेत दुसरा एक गट होता, त्याचं म्हणणं की पंपाला धाड भरलेली नाही, फिटरच्या हातात आता पहिल्यासारखा दम राहिला नाही. दोन्हीकडचे लोक चावडीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत हाच विषय काढायचे. दादा त्या पंगतीत असले तरी काढायचे.

एका रविवारी संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. मी शाळेत असताना ते मला ‘फिटरची पोरगी’ म्हणायचे, आता मॅडम म्हणत होते.

“तुमचं शिक्षान ह्येच हाय नव्हं, मॅडम? रजिष्टर हितंच हाय. पंप म्हातारा झालाय का फिटर, ते आकडं काय म्हणत्यात ते लिहून द्या. घरचं माणूस हाय म्हणून फकस्त हात सैल सोडू नका.”

शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी म्हणाले, “आकड्यांना घरदार नसतं, तात्या.” हे वाक्य बोलून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

रजिस्टरची गोष्ट आधी सांगायला हवी. पंपाची मोठी दुरुस्ती झाली की ऑपरेटर पंपाला हळदकुंकू वाहायचा, उदबत्ती लावायचा आणि नारळ फोडायचा. मग रजिस्टरमध्ये तांबडी रेघ मारायची, रेघेखाली ‘श्री’ लिहायचं आणि पंप चालल्याचे तास पुन्हा शून्यापासून मोजायला घ्यायचे. जुन्या दुखण्याचा आकडा नव्या सुरुवातीला लावायचा नाही, अपशकुन होतो, अशी समजूत. खंडेनवमीला तर अख्खं रजिस्टरच नवं यायचं. हे सगळं चालू असताना दादा बाजूला हात मागे बांधून उभे राहायचे. आमचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. त्यांनी आपल्या पान्यांना कधी कुंकू लावू दिलं नाही. वाटलेलं खोबरं मात्र घ्यायचे, खोबऱ्यावर त्यांचा राग नव्हता.

“नारळ फोडला म्हणून पंपाचं वय कमी हुईत न्हाय,” असं ते म्हणायचे, पण ऑपरेटरच्या माघारी. त्यांची स्वतःची एक खिशातली डायरी होती, खतवाल्या दुकानाने दिवाळीला वाटलेली. तिच्यात त्यांनी पंप बसवला त्या दिवसापासूनचे तास सलग लिहिले होते. कितव्या तासाला पंप थांबला, काय बदललं, पुन्हा कधी सुरू झाला. शून्य त्या डायरीत एकदाच होतं, पहिल्या पानावर.

मी रजिस्टरं पिशवीत भरत होते तेव्हा त्यांनी ती डायरी पुढे केली.

“ह्यात सलग हाय बग. लागली तर घे.”

“नको दादा. उद्या कुणीबी म्हणंल, बापाच्या वहीवरनं पोरीनं लिवलं. मी संस्थेचंच रजिस्टर घेणार.”

“बरं,” ते म्हणाले आणि डायरी पुन्हा खिशात ठेवली. खिशाची गुंडीही लावली. मला माझ्या निःपक्षपातीपणाचा इतका अभिमान वाटत होता की ती डायरी निदान चाळून तरी बघावी, हेही सुचलं नाही.

बारामतीच्या खोलीत मी कामाला बसले. मला शिकवलं होतं ते असं: शंभर बल्ब लावा, कुठला किती तास जळल्यावर गेला ते लिहा, ते तास लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या क्रमाने लावा, आणि त्यावरून बल्बच्या आयुष्याचा नियम काढा. बल्ब सगळे वेगवेगळे, त्यामुळे कुठला आधी गेला आणि कुठला नंतर, याला महत्त्व नाही. मी पंपाचंही तेच केलं. दोन दुरुस्त्यांच्या मधे पंप जितके तास चालला, तितक्याची एकेक चिठ्ठी केली. सगळ्या चिठ्ठ्या गादीवर पसरल्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या. पोळ्या लाटताना गोळे एकसारखे करावेत तसं ते काम, हात आपोआप चालतात. वक्र रेषा सुरेख जुळली. इतकी सुरेख जुळली की मला शंका यायला हवी होती.

निष्कर्ष मी सुवाच्य अक्षरात लिहिला. पंपात वयोमानाने आलेली झीज आकडेवारीवरून दिसत नाही. दुरुस्तीनंतर पंप किती काळ चालतो यात मोठी तफावत आहे आणि तिचा संबंध दुरुस्तीच्या दर्जाशी असावा. ‘असावा’ या शब्दावर मी बराच वेळ घालवला होता. कार्यकारिणीच्या बैठकीत ‘असावा’ कुणी वाचत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बैठक आठवड्यात झाली. मी तिथे नव्हते, बारामतीत चाचणीचे पेपर तपासत होते. शनिवारी घरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “तुज्या दादाला टाकीवर टाकलं. पंपावर आता बारामतीच्या वर्कशॉपातला फिटर येणार हाय.” टाकीवर म्हणजे टेकाडावर, पाणी आलं की चारीची दारं उघडायची आणि पाळी संपली की लावायची. त्याला पाना लागत नाही. मी ‘हं’ म्हणाले आणि कालवण वाढून घेतलं. कालवणात मीठ कमी होतं, एवढं आठवतं. बापाची पंधरा वर्षांची जागा माझ्या सहीने गेली होती आणि मला मिठाचं सुचत होतं.

दादा जेवायला बसले. मी म्हणाले, “अहवालात मी तुमचं नाव कुठं घेतलं न्हाय.”

“व्हय. वाचला मी,” ते म्हणाले. “चांगलं अक्षर हाय तुजं.”

त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. ते गप्प झाले ते रागाने, असं मी धरून चालले. राग असेल तर ओसरेल, असंही धरून चालले. घरी जाणं मी पंधरा दिवसांवर आणलं, मग महिन्यावर. काम आहे म्हणायचे, आणि काम होतंच.

नवा फिटर आला. तरणा माणूस, कामाला चोख, वर्कशॉपातून नवी बेअरिंग घेऊन आला होता. नारळ फुटला, तांबडी रेघ पडली. पंप काही आठवडे बिनबोभाट चालला तेव्हा मला, लाज वाटते सांगायला, सुटल्यासारखं वाटलं. अहवाल खरा ठरत होता. मग पंप बंद पडला. त्याने पुन्हा उघडला, पुन्हा बसवला, पुन्हा नारळ. या वेळी महिनाही धड गेला नाही. आईकडून हे कळत होतं आणि मी ते पावसापाण्याच्या बातमीसारखं ऐकत होते.

पुढच्या वर्षी वर्गात मी तोच बल्बांचा धडा शिकवत होते. तास चढत्या क्रमाने लावा, असं फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सांगवीची होती, रोज एसटीने यायची, वर्गात फारशी बोलायची नाही.

“मॅडम, बल्ब एकदाच जातो. आमच्या सांगवीच्या हिरीवरची मोटर धा येळा जळाली आन् धा येळा भरून आणली. तिला बी असंच लावायचं?”

“का नाही?”

“मग पैल्यांदा किती चालली आन् शेवटाला किती, त्ये कुठं दिसणार? आमची तर दरसाली लौकर जळती.”

मी म्हणाले, “पुढच्या तासाला बघू.” आम्हा शिक्षकांची ही जुनी पळवाट. स्टाफरूममध्ये येऊन बसले. चहा आला, गार झाला. तापाच्या माणसाचे रोजचे आकडे चढत्या क्रमाने लावले तर ताप उतरतोय की चढतोय, हे कोणत्याही डॉक्टरला कळणार नाही. मी नेमकं तेच केलं होतं. पंपाच्या चालीतला सगळा अर्थ क्रमात होता, आणि क्रम मी गादीवर बसून, स्वच्छ हातांनी मोडला होता. रजिस्टरात तारखा होत्या. त्या मी उतरवूनही घेतल्या नव्हत्या, कारण पुस्तकातल्या बल्बांना तारखा नव्हत्या. दुरुस्तीनंतर पंप नवा होतो, असं ऑपरेटर नारळ फोडून मानत होता आणि मी चिठ्ठ्या लावून मानलं होतं. माझ्यापाशी पदवी होती, एवढाच फरक.

शनिवारी घरी गेले. दादा टाकीवर होते. आईला म्हणाले, दादांची डायरी दे. तिने पत्र्याच्या पेटीतून काढून दिली.

रविवारभर मी आलेखाचा कागद घेऊन बसले. आडवे, पंपाचे एकूण तास, पहिल्या दिवसापासूनचे, मधे कुठेही शून्य न करता. उभे, तोवर झालेले बिघाड, एक, दोन, तीन. यंत्र जसंच्या तसं राहिलं तर ठिपके सरळ तिरक्या रेषेत जातात. यंत्र म्हातारं होत असेल तर रेषा वर वळत जाते, कारण दोन बिघाडांमधलं अंतर कमी होत जातं. सुरुवातीची वर्षं पंप बिघाडाविना दोन-दोन हंगाम चालला होता. मग एकेक. मग पाच महिने, मग तीन. पुढे आठवड्यांत मोजायची वेळ आली. एखादी दुरुस्ती जरा जास्त टिकली होती, एखादी कमी, पण रेषेचं वळण कुठे मोडलं नव्हतं. पंपाचा एकेक अवयव बदलला म्हणून पंप तरुण होत नव्हता. बंद पडायच्या आधी जितका थकलेला होता, तितकाच थकलेला पुन्हा सुरू होत होता.

मग मी नव्या फिटरच्या काळातले बिघाड संस्थेच्या रजिस्टरवरून घेतले आणि त्याच कागदावर पुढे मांडले. फिटर बदलला त्या जागी पेन्सिलने बारीक खूण केली. रेषा त्या खुणेपाशी थांबली नाही, वाकली नाही, तिला काही कळलंच नाही. आधी जशी वर चालली होती तशीच वर गेली. ती खूण पुसली असती तर हात कुठे बदलले हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दादांच्या हातात दोष नव्हता. मला लाज वाटली. वर्षभर बधिर राहिलेल्या माणसाला पहिल्यांदा आतपर्यंत भिडावी ती लाजच, आणि तीही इतक्या उशिरा.

दुसरा अहवाल एका पानाचा केला. त्यात ‘असावा’ नव्हतं. पहिला अहवाल चुकीचा होता, चूक माझ्या पद्धतीची होती, बिघाड पंपाच्या वयाचे आहेत, फिटरच्या कामाचे नाहीत. सही केली आणि सोमवारची रजा टाकून तात्यांकडे गेले.

त्यांनी कागद उभा धरून वाचला, घडी घातली.

“पंप बदलायचं तर आमी कवाच ठरवलंय,” ते म्हणाले. “इतक्यांदा बंद पडल्यावर आकडं कशाला लागत्यात, मॅडम? डोळं हायेत की.”

“फिटरचं काय मग?”

“त्येंचं काय. चुकलं आमचं, आन् तुमचं बी. नवा पंप बसवायला जुनंच माणूस लागंल. सांगा त्यास्नी, पयल्या तारखेपासनं पंपावर या म्हणावं.”

इतक्या सोप्या शब्दांत सगळं परत मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. मी घराकडे जवळजवळ पळत निघाले. वाटेत काय बोलायचं तेही जुळवलं. रागावला असाल तर रागवा, पण आता पंपावर चला, असं काहीतरी. आई दारात धान्य निवडत होती. म्हणाली, “सायकल घिऊन इंदापूरला गेल्यात. मागलं चाक बिघडलंय.” स्पोक नाहीतर बॉल बेअरिंग आणायला गेले असतील असं मला वाटलं. मिळाली ती जीप धरली.

इंदापूरला स्टँडच्या बाहेर, फळांच्या गाड्यांच्या पलीकडे, सायकलींची दोनतीन दुकानं होती. एका दुकानात आमची सायकल उलटी टांगलेली दिसली. दुकानदार मागल्या चाकाचा आऊट, म्हणजे डुगडुग, काढत बसला होता. दादा बाकावर बसले होते, हात मांडीवर. ट्रक जात होते, धूळ उडत होती, ते समोर बघत होते. या माणसाने आयुष्यात आपल्या सायकलला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. माझी शाळेची सायकल त्यांनी भंगारातून जोडली होती. गावातल्या निम्म्या सायकलींचे आऊट त्यांनी अंगणात बसून काढले होते.

मी शेजारी बसले.

“तू कशी काय आज?”

“दादा, दुकानात कशाला आणली सायकल?”

“हत्यारं कुठायत? दिली की त्या नव्या फिटरला. त्येच्यापाशी धड पाने नव्हते.”

“कधी?”

“आला तवाच.”

मी कागद काढला आणि सांगितलं. पहिला अहवाल चुकला होता. तास मी चुकीचे लावले होते. तुमची डायरी बरोबर होती, पहिल्या पानापासून. पंपच म्हातारा झाला होता, तुमच्या कामात काही खोट नव्हती. तात्यांनी पहिल्या तारखेपासून बोलावलंय. हे सगळं मी एका दमात बोलले.

दादांनी कागद घेतला नाही. त्यांनी टांगलेल्या चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, “आसं व्हय.”

“तुमी एवढे दिवस माझ्यावर रागावला हुता, मला कळत होतं.”

“राग?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. “राग कशाचा, पोरी? मी म्हणलं, माझीच पोर हाय, एवढी शिकल्याली. तिनं सगळं मोजून बगितलं, तिला आपल्या हातातली खोट दिसली, तर ती आसणारच. आपल्याला कळलं न्हाय इतकी वरसं. मग पाना हातात धरायचंच भ्या वाटाया लागलं. म्हणलं, कुणाचं तरी नुकसान करून ठिवायचो.”

संस्थेतल्या कुणी माझा अहवाल धड वाचला नव्हता. शब्दन् शब्द वाचून त्यावर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता.

“येताय ना मग पंपावर?” मी विचारलं.

“बगू,” ते म्हणाले. “सवय गेली आता.”

दुकानदाराने सायकल खाली उतरवून त्यांच्या हातात दिली. दादांनी हँडल धरलं आणि आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. मी मागून चालत होते. मागलं चाक अजून थोडं डुगडुगत होतं, मलासुद्धा दिसत होतं. दादांना ते दुकानातच दिसलं असणार. तरी दुकानदाराला न टोकता त्यांनी पैसे मोजले होते.